फक्त मावशीले पाठवलेलं

साकोली,
६ फेब्रुवारी २०२४

मावशी,

नुसतं मावशी लिहिलं. बाकीचं लिहायले हात उठला नाही. फोन केला असता, पण फोनवर तुह्याशी बोलायची मले आता भीती वाटते. म्हणून दुकानातल्या वहीचा कागद फाडून लिहून राहिली.

परवा रविवारी लाखनीहून अश्विनची आई उषाबाई आणि त्याचे काका खुशालजी घरी आले. माहं नि अश्विनचं साक्षगंध दोन आठवड्यांवर आलं, तर अंगठी-साडीचं बोलायले आले असतील, असं आईले वाटलं. तिनं पोहे टाकले. बाबांनी उषाबाईले रंग दाखवायले दुकानातून कोसा रेशमाचे चार थान घरी आणून ठेवले होते. त्यायनं एकालेही हात लावला नाही.

खुशालजीनं खिशातून फोन काढला आणि बाबांपुढं धरला. "चंद्रभानजी, हे तुमच्याच पोरीचं आहे ना?"

बाबांनी चष्मा लावला, पाहिलं, आणि फोन माह्या हातात दिला. मावशी, त्याच्यात माहा रक्ताचा रिपोर्ट होता. महिला मंडळाच्या शिबिरात काढलेला, सिकलसेलचा. 'वाहक' लिहिलेला. आणि त्याच्या खाली माहा मेसेज : "मावशी, मले भीती वाटून राहिली. लपवून ठेवू का?"

हा मेसेज मी सव्वीस जानेवारीले फक्त तुले पाठवला होता. आईले नाही, बाबांले नाही. तुमच्या शाळेत सिकलसेलचं शिकवायले लोक आले होते, तुले समजते, म्हणून तुले. तू लगेच लिहिलं होतं की घाबरू नको, वाहक म्हणजे आजारी नसते. नवरा-बायको दोघंही वाहक असले तरच लेकराले धोका. अश्विनलेही तपासायले सांगू, आणि लपवायचं तर अजिबात नाही, साक्षगंधाआधी मी स्वतः लाखनीले जाऊन बोलते. मी 'हो' लिहिलं होतं. त्यातलं काहीच त्या फोटोत नव्हतं. माहा तेवढा एक मेसेज.

उषाबाई म्हणाल्या, "रक्ताचं एक वेळ पाहिलं असतं. पण लपवायची बुद्धी झाली ना तुमच्या पोरीले!"

आई माह्याकडं पाहत राहिली. तिले रिपोर्टचंच माहीत नव्हतं. ते दोघं पाणी न पिता उठले. चपला घालताना खुशालजी म्हणाले, "सोयरीक मोडली समजा."

त्या रात्रीपासून बाबा जेवतात, दुकानात बसतात, पण माह्याशी बोलत नाहीत. काल एक बाई कापड पाहता पाहता मले विचारते, "आता बरं वाटते ना गं?" म्हणजे साकोलीतही पोचलं.

मले एवढंच सांग, काहून केलं?

कीर्ती


जवाहरनगर,
१० फेब्रुवारी २०२४

कीर्ती बेटा,

तुहं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी दारातच उभी होती. तिथंच वाचलं. आत येऊन बसायचं सुधरलं नाही.

मी नाही केलं. कोणालेही नाही पाठवलं, कोणालेही नाही सांगतलं. तुही शपथ घेत नाही. माह्या शपथेची तुले गरज पडली तर मग आपल्यात राहिलंच काय?

तुह्या मावसाजीले पण मी रिपोर्टचं बोलली नव्हती. हे स्थळ त्यायनं आणलं, खुशालजी त्यायच्याच सेक्शनले आहेत, दोघं रोज एकाच बसनं फॅक्टरीत जातात. म्हणून म्हटलं होतं, आधी उषाबाईशी मी बोलते, मग यायले सांगते. काल तुहं पत्र त्यायले दाखवलं. त्यायलेही धक्का बसला. बराच वेळ पत्र हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, "आजकाल मोबाइल दुकानवाले सगळं काढून घेतात. पोरीनं फोन दुरुस्तीले दिला असेल."

आठव बरं. जानेवारीत तुह्या फोनची काच फुटली होती ना? दुकानात दिला होता तेव्हा तूच मले दुसऱ्याच्या फोनवरून बोलली होतीस. तिथूनच काही झालं असेल. तुह्या बाबांले घेऊन त्या दुकानात जा, चांगलं धारेवर धर.

आणि तुह्या आईले सांग, मी येते. पण तू ये म्हटल्यावर येते.

करुणा मावशी


साकोली,
१४ फेब्रुवारी २०२४

मावशी,

दुकानवाल्याचं नाही. काच अकरा जानेवारीले बसवली, बारा तारखेले फोन हातात आला. शिबिर त्याच्या नंतरचं. जो रिपोर्ट तेव्हा नव्हताच, तो दुकानवाला कुठून काढणार?

मी चार दिवस डोळे मिटून तो फोटोच पाहून राहिली. दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे माहा मेसेज डाव्या बाजूले होता आणि वर माहं नाव होतं. माह्या फोनवर माहे मेसेज उजव्या बाजूले असतात. डाव्या बाजूले ते ज्याले आले त्याले दिसतात. म्हणजे तुले. म्हणूनच मी तुह्यावर एवढी चिडली होती.

दुसरी गोष्ट मले रविवारी समजली नव्हती. तो फोटो फोनचा नव्हताच. मोठ्या स्क्रीनचा होता. स्क्रीनच्या बारीक बारीक रेषा दिसत होत्या, वर ट्यूबलाइटचा पट्टा चमकत होता, आणि खाली कोपऱ्यात कीबोर्डची दोन-चार बटणं आली होती. कोणीतरी कम्प्युटरपुढं बसून फोननं फोटो काढला आहे.

मावशी, तुमच्या बाहेरच्या खोलीत कम्प्युटर आहे ना? तो कोण वापरते?

रागानं नाही विचारत. मले माहीत नाही म्हणून विचारते.

कीर्ती


जवाहरनगर,
२६ फेब्रुवारी २०२४

कीर्ती,

उत्तराले उशीर झाला. हे पत्र शाळेत बसून लिहून राहिली, बालवाडीची लेकरं घरी गेल्यावर. तुहं पुढचं पत्र क्वार्टरवर टाकू नको. शाळेच्या पत्त्यावर टाक, माह्या नावानं.

तुहं पत्र आलं त्या दिवशी मी आमच्या शाळेतल्या कलाबाईच्या सुनेले फोन दाखवला. तिनं तीन टिंबं दाबली, 'लिंक्ड डिव्हाइसेस' म्हणून काही उघडलं. तिथं एका कम्प्युटरचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

ती म्हणाली, "काकू, तुमचं ॲप या कम्प्युटरवर पण उघडलेलं आहे. तुम्हाले जे येते, तुम्ही जे लिहिता, ते सगळं तिथं दिसते."

सहा वाजून दहा मिनिटांनी मी मागं नळावर पाणी भरत असते. हे बाहेरच्या खोलीत चहा पीत बसतात. बातम्या पाहून राहिलो म्हणतात.

मले आठवलं. सव्वा वर्षापूर्वी यायनं माहा फोन मागितला होता, लाइटच्या बिलाची प्रिंट काढायची आहे म्हणून. पाच मिनिटांत वापस दिला. प्रिंट पण दिली.

संध्याकाळी हे शिफ्टवरून आले. त्यायनं हातपाय धुवेपर्यंतही मी थांबली नाही. विचारलं, "माहे मेसेज तुमच्या कम्प्युटरवर कशे?"

आधी म्हणाले, "काही तरी सेटिंग झाली असेल." मग मी सकाळची वेळ सांगतली. तेव्हा म्हणाले, "बायकोचं नवऱ्यानं वाचलं तर चोरी झाली काय? आपल्यात काय लपवायचं आहे?"

मी म्हटलं, "लपवायचं नव्हतं तर मले सांगतलं काहून नाही?"

मग तुहं विचारलं. म्हणाले, "सोयरीक मी जुळवली. उद्या बाहेर पडलं असतं तर खुशाल म्हणाला असता, भूषणनं फसवलं. रोज एका बसमध्ये बसायचं आहे मले त्याच्याजवळ. तोंडी सांगतलं तर त्याचा भरोसा बसला नसता, म्हणून फोटो काढला."

"मग माहं उत्तर काहून नाही दाखवलं?"

"एवढं लांबलचक कोण वाचते? मुद्द्याचं तेवढं दाखवलं."

आणि कीर्ती, तुहं पत्र मी यायलेच वाचायले दिलं होतं. याच हातात. ते वाचून त्यायनं मोबाइल दुकानवाल्याचं नाव घेतलं, आणि मी ते खरं मानून तुले लिहून पाठवलं.

तुह्यापेक्षा माहं दुःख मोठं, असं नाही म्हणत. पण तुले नाही तर कोणाले सांगू? दिवाळीआधी मी तुह्या आईले लिहिलं होतं, मोरपंखी रंगाची, बारीक काठाची कोशाची साडी एकदा नेसायची इच्छा आहे. घरात बोलली नव्हती. दिवाळीले यायनं तशीच साडी आणली. रंग तोच, काठ तोच. मी शाळेत बायायले सांगत फिरली, बावीस वर्षांनी का होईना, माणसाले माहं मन कळलं. यायनं मेसेज वाचला होता, बेटा.

गेल्या जूनमध्ये नागपूरले सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. जाऊ का म्हणून मी फक्त तुह्या आईले विचारलं होतं. दोन दिवसांनी जेवताना हे आपणहून म्हणाले, "बाया घर सोडून नागपूरले राहतात, मग घराची काय दशा होते पाह्य." माहे विचारायचे शब्द तिथंच मेले. माह्या अंगावरून जास्त जात होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईले काय काय लिहिलं होतं. ते सगळं. सव्वा वर्ष कोणीतरी माह्या पाठीमागं उभं होतं, आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही.

मी भांडली नाही. तिथंच, त्यायच्यासमोर, कलाबाईच्या सुनेनं शिकवलं तसं कम्प्युटरचं नाव दाबून काढून टाकलं. ॲपले सहा आकड्यांचा पिन लावला, बोटाचं कुलूप लावलं. तू पण लाव. तीन टिंबं दाब आणि आधी ते नाव पाह्य. आपलं सोडून दुसरं काही दिसलं तर काढ. आणि फोन पाच मिनिटांसाठी पण कोणाच्या हातात देऊ नको, तो घरचा असला तरी.

आता एक विचारते. मले लाखनीले जायचं आहे, उषाबाईकडं. तुहा रिपोर्ट, तुहा मेसेज, माहं उत्तर, तुहं 'हो', सगळं पुरं त्यायले वाचून दाखवायचं आहे. सोयरीक जुळो न जुळो. पण ते तुहं आहे. तू हो म्हटलं तरच जाईन.

मावशी


साकोली,
१ मार्च २०२४

प्रिय मावशी,

पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि मग आतल्या खोलीत जाऊन बसली. गिऱ्हाईक हाका मारून गेलं. मावसाजी! मी लहान असताना मले सायकलवर बसवून फॅक्टरीच्या गेटपर्यंत नेणारे मावसाजी. मी त्यायले दुकानातला कोसा निवडून दिला होता गं, तुह्या त्या साडीसाठी. मले म्हणाले होते, "तुह्या मावशीले सांगू नको."

मी तुले जे लिहिलं, 'काहून केलं' म्हणून, ते फाडून टाक.

माह्या फोनवर दुसरं काही नव्हतं. पिन लावला. आईनं पण लावला.

लाखनीले जा. माहं हो आहे. पण वाचून दाखव, फोन हातात देऊ नको.

तुही
कीर्ती


जवाहरनगर,
५ मार्च २०२४

चि. कीर्ती हिस आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. रजेचा अर्ज तेवढा लिहितो. तरी चूकभूल समजून घ्यावी.

जे झालं ते तुला समजलं असेल. माझा हेतू वाईट नव्हता. मध्यस्थ म्हणून माझी जबाबदारी होती, ती मी पार पाडली. त्याचा एवढा गाजावाजा खुशाल करेल असं वाटलं नव्हतं. तो फोटो त्यानं पुढं चार जणांना पाठवला हे मला बसमध्ये कळलं. मी त्याला पुसून टाक म्हणालो. तो म्हणाला, आता माझ्या हातात नाही.

तुझी मावशी घरात सगळं करते. डबा भरून देते. पण बोलत नाही. फोन उशाशी ठेवून झोपते. एवढं काय झालं ते मला खरोखर समजत नाही.

तुला एक सांगतो. मी शंकेनं वाचत नव्हतो. घरात ती माझ्याशी फार बोलायची नाही. भाजी काय करू, गॅस संपला, एवढंच. तिथं मात्र सगळं बोलायची. हसायची पण. सकाळी ते वाचलं की वाटायचं, चला, हिचं काय चाललं आहे ते समजलं. मग दिवस बरा जायचा.

ती तुझ्या शब्दातली आहे. मधे पडून तिला बोलती कर. आणि या पत्राचं तिला सांगू नकोस.

तुझे मावसाजी,
भूषण


जवाहरनगर,
१६ मार्च २०२४

प्रिय कीर्ती,

मंगळवारी लाखनीले जाऊन आली. शाळेतून सुटी घेतली, बसनं गेली. उषाबाईचं घर त्यायच्याच बियाण्याच्या दुकानामागं आहे. मले पाहून त्या दारातच थबकल्या. मग बसा म्हणाल्या.

मी फोन हातात घट्ट धरला आणि पहिल्या मेसेजपासून वाचलं. तुहं "लपवून ठेवू का" वाचलं. मग माहं "लपवायचं नाही" वाचलं. मग तुहं "हो मावशी, तू सांगशील तसंच करू." तारीख, वेळ, सगळं वाचलं. उषाबाई पदर चाळवत ऐकत होत्या.

शेवटी म्हणाल्या, "आता वाचून काय होते, बाई? गावभर झालं."

मी म्हटलं, "गावभर तिनं नाही केलं."

"ते खरं. पण लोक आता आमच्या पोरालेही विचारतील."

"तर त्याचंही रक्त तपासून घ्या. त्यात लाजायचं काय आहे?"

हे ऐकून त्या एकदम उठल्या. "माह्या पोराचं कायले तपासू? तो धडधाकट आहे!"

"कीर्ती पण धडधाकटच आहे, उषाबाई."

आतल्या दाराशी अश्विन उभा होता. किती वेळचा उभा होता कोण जाणे. तो मले बसपर्यंत सोडायले आला. हायवेवर ट्रक जात होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं. बस लागली तेव्हा म्हणाला, "मावशी, कीर्ती दुकानात कोणत्या वेळेले असते?" मी म्हटलं, "दुपारी."

आता घरचं. बुधवारी यायनं माह्यापुढं एक पाकीट ठेवलं. तुले लिहिलेलं पत्र, तू वापस धाडलेलं. वर तुहं अक्षर : 'मावसाजी, हे मावशीले तुम्हीच द्या.' मी वाचलं. दोनदा वाचलं. शेवटचं वाचताना राग पण आला आणि त्यायची कीव पण आली. बावीस वर्षं एका छपराखाली राहून माणूस बायकोशी बोलत नाही, तिचे मेसेज वाचते आणि म्हणते दिवस बरा गेला!

हे म्हणाले, "आता मले काही समजणारच नाही काय तुहं?"

मी म्हटलं, "विचारलं तर समजेल."

दोन दिवस विचारलं नाही. काल संध्याकाळी बूट काढता काढता, माह्याकडं न पाहता म्हणाले, "लाखनीले काय झालं?" मी सांगतलं. सगळं नाही. सांगावंसं वाटलं तेवढं. त्यायनं पुढं खोदून विचारलं नाही. माफ केलं असं नाही म्हणत मी. ती मोरपंखी साडी अजून नेसवत नाही माह्याच्यानं. आणि नागपूरच्या प्रशिक्षणाचा यंदा फॉर्म भरला, हे त्यायले फॉर्म टाकून आल्यावर सांगतलं.

तुही
मावशी


साकोली,
३० मार्च २०२४

प्रिय मावशी,

गुरुवारी दुपारी अश्विन दुकानात आला. बाबा थान आणायले मोहाडीले गेले होते. मी एकटीच होती. तो काउंटरच्या त्या बाजूले स्टुलावर बसला आणि किती तरी वेळ कापडाच्या घड्याच पाहत राहिला.

मग म्हणाला, "काकांच्या फोनवर मी तुहा मेसेज पाहिला होता. त्यायनं समोर धरला, मी वाचला. वाचायले नको होता. तुले विचारायले पाहिजे होतं. आईसोबत मी पण गप्प बसलो."

मी हातातल्या कापडाची घडी घालत राहिली. पावणेदोन महिने मले वाटत होतं की हा समोर आला तर खूप सुनवीन.

त्यानं खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि माह्यापुढं ठेवला. म्हणाला, "मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. घरी कोणाले माहीत नाही. पहिले तुले दाखवतो."

मी उघडून वाचला. मावशी, मी उभी होती ती खालीच बसली. कपाटाले पाठ लावून, जमिनीवर. तो घाबरून काउंटरच्या या बाजूले आला, पाणी दिलं. मग आम्ही दोघं तिथंच बसून बोललो, गिऱ्हाईक येईपर्यंत. एवढं आम्ही पाहायचा कार्यक्रम झाला तेव्हापासून कधी बोललो नव्हतो. चांगला आहे तो, मावशी. मले तेव्हा समजलं, आणि तेव्हाच ठरवायचं पण होतं.

लग्न नाही करायचं, असं आम्ही ठरवलं. दोघांनी मिळून. तो उठताना म्हणाला, "हे कोणाले...?" मी म्हटलं, "नाही सांगणार."

त्या कागदात काय होतं ते मी तुले पण लिहीत नाही. तुह्यापासून मी आजपर्यंत काही लपवलं नाही, हे तुले माहीत आहे. पण कागद त्याचा आहे. बाबांलेही एवढंच सांगतलं की तो आला होता, बोललो, आता ती सोयरीक नको. बाबांनी माह्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू ठरवलं ना? मग झालं." दोन महिन्यांत माह्याशी एवढं पहिल्यांदा बोलले.

आज सकाळी लाखनीची एक बाई दुकानात आली. उषाबाईची कोणीतरी लागते. ब्लाउजचं कापड पाहता पाहता सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मले म्हणते, "उषाबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नाही बापा, वेळेवर समजलं म्हणून पोरगा वाचला."

दुकानात चार बाया होत्या. सगळ्या माह्याकडं पाहायले लागल्या. फोन माह्या हाताजवळच होता. एक शब्द बोलली असती, एक मेसेज टाकला असता, तर त्यायचं तोंड लाखनीपासून साकोलीपर्यंत बंद झालं असतं. अगदी जिभेवर आलं होतं, मावशी.

मी कात्री उचलली आणि विचारलं, "पाऊण मीटर कापू की एक?"

तुही
कीर्ती